गार खोलीतल्या रेकॉर्डी

नांदुऱ्याच्या आमच्या घरातली सगळ्यात चांगली खोली माणसांसाठी नव्हती. घर तसं लहानच. पुढं ओसरी, मधे माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर, मागं अंगणाच्या कडेला टिनाची एक खोली, आणि उत्तरेच्या अंगाला ही धाब्याची. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या सऱ्या आणि त्यांच्यावर खाऱ्या मातीचा थर, अशी ती जुन्या पद्धतीची खोली होती. वैशाखात बाहेरून अनवाणी धावत येऊन तिच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला की तळव्यांपासून वर गार वाटत जायचं. आम्ही मुलं तिला गार खोली म्हणायचो. आबा, म्हणजे माझे वडील, तिला रेकॉर्डींची खोली म्हणायचे आणि घरात शब्द त्यांचाच चालायचा. त्या खोलीत आबांच्या रेकॉर्डी राहत. 'राहत' असंच आम्ही बोलायचो. तुमच्या घरी कोण कोण राहतं असं कुणी विचारलं असतं, तर माझ्या धाकट्या भावानं, वसंतानं, आई, आबा, ताई, मी आणि रेकॉर्डी असंच सांगितलं असतं.

आबा कचेरीत कारकून होते. वडनेर भोलजीला वाट्याची शेती होती, ती त्यांची थोरली बहीण बघायची. कापूस विकला गेला की आबा रेल्वेनं भुसावळला नाहीतर अकोल्याला जात आणि संध्याकाळच्या गाडीनं एक खोकं मांडीवर घेऊन परतत. टांग्यातही ते खोकं ते खाली ठेवत नसत. ख्याल, ठुमऱ्या, नाटकातली पदं, भजनं, सनई, सगळं त्यांना हवं असायचं. एकाच बाईंनी तोच राग पुन्हा गायला असला तरी तीही रेकॉर्ड हवी असायची. त्यासाठी त्यांनी सागवानी कपाटं करून घेतली होती. त्यांना आडव्या फळ्या नव्हत्या, उभे अरुंद खण होते, कारण रेकॉर्ड कधी आडवी रचायची नसते. एकीवर एक ठेवली की खालची वाकते. प्रत्येकीला कागदाचा अंगरखा, प्रत्येक खणात कापडात बांधलेला कापूर, कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या म्हणजे मुंग्या नकोत. "ही लाख आहे, सुमन," ते मला सांगायचे, "बांगडीवाला शेगडीवर लाख कशी मऊ करतो पाह्यलं ना? उन्हात ठेवली तर ही तशीच होते." उन्हाळ्यात खिडकीला आणि दाराला वाळ्याच्या ताट्या लागत. त्यांच्यावर दिवसभर पाणी मारायचं काम माझं होतं. आमच्या विहिरीचं पाणी खारं, पिण्याला चालत नसे. पण ताट्यांना चालत होतं. बादली भरायची, दोन्ही ताट्या ओल्या करायच्या, त्या वाळायच्या आत पुन्हा भरायची. शाळेला सुटी लागली की हीच माझी सुटी. अजूनही कुठं वाळ्याचा वास आला की लोक डोळे मिटून हसतात आणि मला खांदे दुखल्यासारखं होतं.

आई घाटावरची, डोणगावची. घाटावर आणि घाटाखाली हा फरक बाहेरच्यांना कळत नाही. जिल्हा एकच, पण घाट उतरून खाली आलं की हवा वेगळी, पाणी वेगळं. आईला नांदुऱ्याचं ऊन कधी सोसलं नाही. चैत्र लागला की तिच्या मानेवर घामोळ्यांचा लाल पट्टा उठायचा तो मृगापर्यंत जायचा नाही. ती आणि आम्ही दोघं टिनाच्या खोलीत झोपायचो. आबा ओसरीवर. दिवसा तापलेलं टिन संध्याकाळी निवताना कड्कड वाजायचं आणि वसंता त्याला भूत म्हणायचा. आई त्या खोलीत बसून ज्वारीच्या पापडांचं, बिबड्यांचं पीठ घाटायची, शेवया करायची, दुपारी आंबील द्यायची, आणि भिंतीपलीकडून कधी कधी गाणं ऐकू यायचं. तिला गाणं आवडत होतं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळ्यांनी ती अडाणी होती, तिला कदर नव्हती असं ठरवून टाकलं. जात्यावर बसली की ती ऐकलेल्या ठुमरीची ओळ ओवीच्या चालीत घोळवायची. फक्त त्या खोलीत जाऊन बसायला तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि न बोलावता ती जाणारी नव्हती.

रविवारी सकाळी आबांची बैठक असायची. वकीलसाहेब यायचे, डॉक्टरसाहेब यायचे, आणखी दोघेतिघे. जाजम अंथरलेलं असायचं. आबा ग्रामोफोनला चावी द्यायचे, मखमलीच्या गादीनं रेकॉर्ड पुसायचे, नवी सुई बसवायचे आणि बोट वर करायचे. बोट वर झालं की खोलीत कुणी खोकायचंही नाही. चहा मी नेऊन द्यायची, तोही दोन गाण्यांच्या मधे. कचेरीत आबा कुणीही हाक मारली तरी उठून उभे राहणारे कारकून होते. त्या खोलीत मात्र वकील आणि डॉक्टर त्यांच्या बोटाकडे पाहत बसायचे. मला आज वाटतं, त्यांना गाण्याइतकंच ते बोट प्रिय होतं.

त्या वर्षी आईला दिवस होते आणि बाळंतपण ऐन उन्हाळ्यात येणार होतं. फाल्गुनात मामा डोणगावाहून तिला न्यायला आला. मेहकर, खामगाव करत मोटारीनं आला होता, सोबत गुळाची ढेप आणि हरभऱ्याचं पीठ. जेवताना त्यानं विषय काढला. "भाऊजी, ताईले घेऊन जातो. आमच्या इकडं जरा हवा बरी आहे. चार महिने राहील, लेकरू घेऊन येईल."

आबा जेवत राहिले. "पहिलटकरीण आहे काय ती?" ते म्हणाले. "इथं घर कोण पाहील? सुमनची शाळा आहे. आता तर ताट्या लावायचे दिवस आले."

"ताट्या?" मामाला कळलं नाही.

"खोलीच्या. हाताखाली माणूस लागते."

मामानं आईकडं पाहिलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "राहू दे, बाबू. तू जाय." दुसऱ्या दिवशी मामा एकटाच गेला. जाताना त्यानं मला पाच पैशांचं नाणं दिलं आणि आईकडं लक्ष दे म्हणाला. मी त्याला हो म्हटलं.

मुलगी झाली. वडनेरहून आत्या आली होती, सुईण होती, सगळं नीट झालं. टिनाच्या खोलीतच झालं. बाळंतिणीची खोली म्हणजे दार लावलेलं, खिडकीला गोणपाट, कोपऱ्यात शेगडी, ओव्याची धुरी. आत्या त्या बाबतीत कडक होती. आईला शेक, बाळाला शेक, डिंकाचा लाडू, वर गरम पाणी. बाहेर लू वाहत होती आणि आत माणूस भाजत होतं. मी जेवण घेऊन आत जायची तेव्हा आईच्या केसांतून पाणी गळताना दिसायचं. बाळ लालबुंद होतं. सुरुवातीला मला वाटलं नवी बाळं अशीच असतात. तिच्या मुठी इतक्या घट्ट असायच्या की माझं बोट आत जायला वेळ लागायचा, आणि गेलं की सुटायचं नाही. आई तिला नुसतं 'माय' म्हणायची. बारसं व्हायचं होतं.

रविवार आला. खोलीत बैठक भरली होती. आईनं मला हाक मारली. "सुमन, लेकरू लय तापलं व. अंगावर पीत नाही. आबाले सांग, डॉक्टरसाहेबाले जरा इकडं पाठवा म्हणा."

मी गार खोलीच्या दारात गेले. एका बाईंचं गाणं चालू होतं. मी तोंड उघडलं आणि आबांचं बोट वर गेलं. मी थांबले. ताटीचं पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं. गाणारी बाई एकाच शब्दावर फिरून फिरून येत होती, आणि वकीलसाहेब मान हलवत होते. अखेर ती बाजू संपली, आबांनी सुई उचलली, रेकॉर्ड अंगरख्यात घातली, खणात उभी केली आणि मग म्हणाले, "काय आहे?"

मी सांगितलं. डॉक्टरसाहेब लगेच उठले, त्यांना दोष देता येत नाही. टिनाच्या खोलीच्या दारातच ते दोन पावलं मागं आले, मग वाकून आत गेले. बाळाला पाहिलं, टाळूवर बोट ठेवलं. शेगडी बाहेर काढायला सांगितली. उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं द्या, ओल्या फडक्यानं पुसा म्हणाले. अंगणात येऊन आबांना म्हणाले, "या टिनाखाली ठेवू नका. तुमची ती खोली आहे की. तिथं हलवा."

आबा "बघतो" म्हणाले. तेवढ्यात आत्या बाहेर आली. "डाक्टर, बायंतिनीले अन् लेकराले वारं लागू देत नसतेत. सोयर हाये अजून. दहावा दिवस होऊ द्या, मंग पाहू."

मी आबांच्या चेहऱ्याकडं पाहत होते. त्या चेहऱ्यावरचा ताण गेला. ते म्हणाले, "अक्का म्हणते त्यातही अर्थ आहे." डॉक्टरसाहेबांनी खांदे उडवले, हात धुतले आणि दोघं परत गार खोलीत गेले. अजून दोन रेकॉर्डी व्हायच्या होत्या.

आबा उपासतापास मानत नसत. श्राद्धाला बामणाला बोलावत नसत, ग्रहणात जेवत, आत्याच्या सोवळ्याची थट्टा करत. नव्या राज्याचे नवे विचार असं वकीलसाहेबांबरोबर तासनतास बोलत. त्याच माणसाला त्या दिवशी सोयर आठवलं. संध्याकाळी आई भिंतीला धरून दारापर्यंत आली आणि अंगणात उभ्या असलेल्या आबांना म्हणाली, "चार दिवस मले तिथं पडू द्या. कोपऱ्यात पडतो. कशाले हात लावत नाही."

"सोयर संपू दे," आबा म्हणाले.

"तुमाले सोयर कधीपासून लागते?"

आबांनी गार खोलीच्या ताटीकडं पाहिलं. मग समजावल्यासारखं म्हणाले, "हे पाय, तिथं तेल चालत नाही, धूर चालत नाही. बाळंतिणीचं तेलाचं अंग, लेकराचं तेलाचं अंग. लाखेवर तेलाचा हात गेला की आवाज गेला. दोन-चार दिवसांनी आभाळ येईल, मग इथंही बरं वाटेल."

आई आत गेली. त्यानंतर तिनं त्यांना काही मागितल्याचं मला आठवत नाही. पुढं आयुष्यभर नाही.

आभाळ आलं नाही. मी विहिरीचं पाणी काढून फडकी ओली करून द्यायची, आई ती बाळावर टाकायची, आणि फडकं काढेपर्यंत कोमट व्हायचं. मंगळवारी दुपारी बाळानं माझं बोट धरलं नाही. आई म्हणाली, "आत्याले बोलाव." आत्यानं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आबा कचेरीतून आले, शेजारचे दोघं आले, आणि ऊन उतरायच्या आत तिला धुडक्यात गुंडाळून नदीकडं घेऊन गेले. एवढ्या लहान मुलांना पुरतात. घरी आल्यावर आबांनी आंघोळ केली आणि ओसरीवर बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हेही मी लिहिते, कारण ते खरं आहे.

गल्लीतल्या बायका आईजवळ क्षणभर टेकून गेल्या. "लेकराचं काय, पुन्हा होईन," म्हणाल्या. पुरुष कुणी आलं नाही. नाव न ठेवलेल्या मुलीसाठी भेटायला येण्याची रीत नव्हती. आत्या दोन दिवसांनी वडनेरला परतली, पेरणीपूर्वीची कामं खोळंबली होती. पुढच्या रविवारी आबांनी बैठक घेतली नाही. मात्र सकाळी ते एकटेच खोलीत गेले, ताटी ओढून घेतली आणि थोड्या वेळानं हलक्या आवाजात सनई सुरू झाली. त्यांना दुसरं काही सुचत नसेल. आई टिनाच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिची छाती दुधानं दुखत होती आणि दूध पिळून टाकायला तिनं वाटी घेतली होती. सनई ऐकली आणि तिनं वाटी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली.

सोमवारी आबा कचेरीला गेल्यावर आईनं पोटाला लुगड्याचा पट्टा घट्ट बांधला आणि उठली. "सुमन, बाजा अंगणात काढ," म्हणाली. घरात होत्या तेवढ्या सुंभाच्या बाजा मी ओढून अंगणात आणल्या, बिबड्या वाळवायला आणायचो तशाच. आईनं आधी आमची अंथरुणं उचलली आणि गार खोलीत नेऊन टाकली. पण कपाटांमुळं मधे जागाच उरत नव्हती. तिनं वसंताला उंबऱ्यावर बसवलं आणि पहिलं कपाट उघडलं.

"काय करून राह्यली, आई?" मी विचारलं.

"जागा पायजे," ती म्हणाली. "कपाट रिकामं झाल्याबिगर सरकणार नाही."

तिनं एकेक रेकॉर्ड खणातून काढली, अंगरख्यातून बाहेर घेतली आणि माझ्या हातात दिली. "कडेनं धर. बोटं लावू नको," ती म्हणाली. आबा सांगायचे तसंच. मी नेऊन बाजेवर ठेवायची. एकीला दुसरी लागू द्यायची नाही, अशी मधे जागा सोडून. तिनं एकही आपटली नाही, एकही फोडली नाही. रागानं काही करणारी माणसं मी पुढं खूप पाहिली. आई त्या दिवशी रागात नव्हती. तिचे हात सणाचं काम करताना चालायचे तसे चालत होते. मध्येच बसायची, पोट धरायची, पुन्हा उठायची. मी अकरा-बारा वर्षांची होते, उन्हात लाखेचं काय होतं ते मला पाठ होतं. मी तिला एकदाही थांब म्हटलं नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही.

शेजारच्या काशीबाईंनी कुडावरून डोकावलं. "काय वाळू घातलं वो, बाई?"

"तवे हायेत यांचे," आई म्हणाली. "दमट झाले होते." आमच्याकडं जुनी माणसं रेकॉर्डीला तवाच म्हणायची.

बाजा भरल्या, उरलेल्या गोणपाटांवर मांडून झाल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. काळ्या रेकॉर्डी काही वेळ नुसत्या चमकत राहिल्या. मग लाखेचा वास सुटला. बाजेच्या कडेला होत्या त्यांच्या कडा आधी खाली वळल्या, मग मधल्याही बसत बसत सुंभाच्या विणीत खचल्या. आईनं ते पाहिलं नाही. तिनं रिकामी कपाटं भिंतीशी सरकवली, अंथरुणं घातली, वसंताला कुशीत घेतलं आणि आडवी झाली. मी ताट्यांवर पाणी मारलं आणि तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पडले. त्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदा घाम न येता झोपलो. आई इतकी गाढ झोपली की तिच्या घोरण्यानं वसंता हसायला लागला.

ऊन कलल्यावर आबा आले. मला छत्री मिटल्याचा आवाज आला. मी उठून बाहेर गेले. ते एका बाजेजवळ उभे होते. त्यांनी एक रेकॉर्ड उचलली. संध्याकाळच्या वाऱ्यानं ती पुन्हा कडक झाली होती, पण सुंभाची चौकडी तिच्यावर उमटली होती आणि कड पानासारखी खाली वळली होती.

"कोणं केलं हे?" त्यांनी विचारलं.

"आई अन् मी."

"काऊन?"

का ते मी सांगायच्या आधीच आतून आईचा आवाज आला. ती उठलीही नव्हती. "खोली गार हाये. लेकरं झोपले होते. हळू बोला."

आबांनी रेकॉर्ड बाजेवर ठेवली. मला वाटलं ते आत जाऊन तिला मारतील. शेजारीपाजारी यापेक्षा लहान गोष्टींवरून मारलेलं मी पाहिलं होतं. ते गेले नाहीत. अंगणातल्या दगडावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. अंधार पडेपर्यंत ते तसेच बसले होते.

पुढच्या रविवारी लोक आले. वकीलसाहेब, डॉक्टरसाहेब, आणि कधी न येणारेही काही. घरात गमी झाली, कुणी गेलं की बसतात तसे ओसरीवर बसले. वकीलसाहेबांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि त्यांचा आवाज भरून आला होता. "अशा वस्तू पुन्हा होत नाहीत," ते म्हणाले. कुणीतरी हळूच म्हणालं, बाळंतवात असेल, बायकांचं डोकं फिरतं. डॉक्टरसाहेब जमिनीकडं पाहत होते. त्यांना चहा मी दिला. आईनंच केला होता, आलं घालून, सगळ्यांना पुरेल इतका.

आबांनी काचांच्या मधे दाबून काही रेकॉर्डी सरळ करून पाहिल्या. त्या वाजायच्या, पण आवाज लाटेसारखा वरखाली व्हायचा, आणि गाणारी माणसं बुडत असल्यासारखी वाटायची. मग त्यांनी ग्रामोफोन विकला. आईशी ते मरेपर्यंत सरळ बोलले नाहीत. "तुझ्या आईला सांग, जेवायला वाढ." "तुझ्या आईला विचार, वडनेरला येते काय." आई समोर बसलेली असली तरी. गार खोली आईची झाली. तिथंच तिचं जातं आलं, तिथंच तिनं पुढं पंधरा-वीस बाळंतिणी सांभाळल्या. गल्लीतली कुणीही उन्हाळ्यात अडली की आई तिला आणून ठेवायची, कुणाची जात विचारायची नाही, आणि आबा एक शब्द बोलायचे नाहीत. ते स्वतः मात्र टिनाच्या खोलीत झोपायला लागले. हिवाळा असो, उन्हाळा असो. पुढं ओसरीवर पंखा आला तरी ते टिनाखालीच झोपले. तो राग होता की शिक्षा होती, आणि शिक्षा असली तर कुणाला, हे मला कळलं नाही. आईनं कधी विचारलं नाही.

वसंता इंजिनिअर झाला, पुण्यात स्थायिक झाला. माणूस मायाळू आहे. निवृत्त झाल्यावर त्यानं आबांचा संग्रह पुन्हा उभा करायचं मनावर घेतलं. कुठल्या कुठल्या संग्राहकांना गाठलं, इंटरनेटवरून उतरवून घेतलं, जुन्या रेकॉर्डींची खरखर काढली, आणि आबांकडं होत्या त्यांच्या कितीतरी पट रेकॉर्डी साबणाच्या डबीएवढ्या एका डिस्कमध्ये भरल्या. तिच्या त्यानं दोन नकला ठेवल्यात. एक मुलीकडं परदेशात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. मूळ डिस्क त्याच्या अभ्यासाच्या खोलीत असते आणि त्या खोलीचा एसी तो बंद करत नाही. उष्णतेनं डिस्क खराब होते म्हणतो.

आबांच्या जन्मशताब्दीला त्यानं पुण्यात छोटा कार्यक्रम ठेवला. नातेवाईक होते, वसंताच्या बायकोच्या माहेरचे होते, गाण्याचे शौकीन होते. वसंता बोलायला उभा राहिला. आबांची रसिकता, एका कारकुनानं जमवलेला संग्रह. मग म्हणाला, "आणि एक दिवस आमच्या आईनं या सगळ्या रेकॉर्डींचे पापड केले." सभागृह हसलं. शेजारणीनं विचारल्यावर आई काय म्हणाली तेही त्यानं आमच्या बोलीत म्हणून दाखवलं, "तवे हायेत यांचे, दमट झाले होते," आणि लोक आणखी हसले. पुण्याच्या लोकांना आमची बोली ऐकली की तसंही हसू येतं. बाजा भरल्या त्या दिवशी वसंता चार वर्षांचा होता, उंबऱ्यावर बसला होता. त्याला त्यातलं काही आठवत असणं शक्य नव्हतं. ही गोष्ट त्याला आबांनी सांगितली होती. सांगताना त्यांनी बाळ वगळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या त्या खोलीत बसून मी त्याला सगळं सांगितलं. तो चष्मा काढून ऐकत राहिला.

"आबा कधी बोलले नाहीत," तो म्हणाला.

"नाही बोलले."

चष्मा पुसत तो म्हणाला, "पण ताई, त्या काळी मुलं जायचीच गं. खोली बदलली असती तर वाचली असती असं कुणी सांगावं?"

"कुणीच सांगू शकत नाही. आईही कधी तसं म्हणाली नाही."

"मग?"

"मग काही नाही. तिनं खोली मागितली होती, त्यांनी दिली नाही. एवढंच."

तो चुळबुळला. "मी काल आईला सांभाळूनच घेतलं. नंतर सगळ्यांना म्हणालो, तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं."

"ठिकाणावर होतं," मी म्हटलं. "मी तिथं होते."

समोरच्या पडद्यावर त्यानं डिस्क उघडून ठेवली होती. खणांसारखे एकाखाली एक कप्पे दिसत होते आणि सगळ्यांत वर लिहिलं होतं, 'आई-आबांचा संग्रह'. मी त्याला म्हटलं, "यातून आईचं नाव काढ."

"अगं, मी प्रेमानं घातलंय."

"ठाऊक आहे. काढ."

त्यानं वाद घातला नाही. एका बोटानं अक्षरं पुसली आणि "झालं" म्हणाला. मग त्यानं मला ऐकवायला म्हणून काहीतरी लावलं, कुठल्याशा बाईंचं, अगदी स्वच्छ, कुठंही खरखर नाही. मला त्या खोलीत थंडी वाजायला लागली होती. गाणं संपायची वाट न पाहता मी उठले आणि बाहेर गच्चीत उन्हात जाऊन बसले.